लाखाची केबल आणि दोनशेचा वेग

नागपूर : संगीताचा दर्दी आणि मोटारींचा शौकीन एका टेबलावर चहाला बसले, की वाद ठरलेलाच. पहिल्याने स्पीकरसाठी महागडी केबल आणल्याचे सांगितले, की दुसरा हसतो. 'एवढ्या पैशांत चारही टायर नवे आले असते!' त्यावर पहिल्याचे उत्तरही तयार असते. 'आणि तुझी गाडी ताशी दोनशे किलोमीटर धावते म्हणे. धावणार कुठे, व्हरायटी चौकात?'

थट्टा म्हणून हा संवाद सोडून देता येईल. पण या दोन्ही छंदांत मध्यमवर्गीय घरातील मोठी रक्कम खर्च होते आणि त्यातील एका छंदात जीवही पणाला लागतो. त्यामुळे महाग वस्तूने नेमका कोणता फरक पडतो, तो कुठे थांबतो आणि कसा पारखायचा, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

तारेचे काम एवढेच

अॅम्प्लिफायरमधून निघालेला विद्युत संदेश कमीत कमी घट होऊन स्पीकरपर्यंत पोहोचवणे, हे स्पीकर केबलचे काम. तारेचा रोध जितका कमी, तितकी घट कमी. हा रोध तार कोणत्या धातूची आहे, किती जाड आहे आणि किती लांब आहे, यावर ठरतो.

समजा, अॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे. विद्युत प्रवाहाचे मंडल पूर्ण होण्यासाठी जाणारी आणि परत येणारी अशा दोन तारा लागतात. म्हणजे तांब्याची एकूण लांबी दहा मीटर झाली. इलेक्ट्रिशियन जिला 'अडीच एमएम' म्हणतात, ती अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. आवाजाच्या पातळीत होणारी घट एक दशांश डेसिबलच्याही आत राहते. गाणे ऐकताना ती कानाला जाणवत नाही.

त्याच ठिकाणी अर्ध्या एमएमची बारीक तार लावली, तर रोध पाचपट होतो. स्पीकरचा स्वतःचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. मंद्र आणि तार स्वरांना तो वेगवेगळा असतो. त्यामुळे बारीक तार सगळा आवाज सारखा कमी करत नाही, तर स्वरांचा परस्पर तोल किंचित बिघडवते. चार ओहमच्या स्पीकरला तर हा परिणाम दुप्पट जाणवतो. म्हणजेच 'तारेने काहीच फरक पडत नाही' हे विधानही चूक ठरते. तार पुरेशी जाड होईपर्यंत फरक पडतो. पुरेशी झाल्यावर मात्र किंमत वाढली तरी फरक वाढत नाही.

चांदीपेक्षा उन्हाळा भारी

महागड्या केबलच्या जाहिरातीत शुद्ध तांबे आणि चांदी यांचा उल्लेख हमखास असतो. चांदी ही विजेची सर्वोत्तम वाहक आहे, हे खरेच. पण तांब्याच्या तुलनेत तिचा रोध जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. 'ऑक्सिजनमुक्त' तांबे आणि विजेच्या तारांसाठी वापरले जाणारे चांगले तांबे यांच्या वाहकतेत तर एखाद्या टक्क्याचाच फरक असतो.

आता नागपूरचे हवामान घ्या. तापमान एका अंशाने वाढले, की तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर असणारा पारा मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांवर जातो. या ३५ अंशांच्या फरकाने तारेचा रोध जवळपास १४ टक्क्यांनी वाढतो. तांब्याऐवजी चांदी वापरून जे साधते, त्याच्या दुपटीहून अधिक उलथापालथ नागपूरचा उन्हाळा फुकट करतो. तरीही मे महिन्यात तीच बंदिश निस्तेज वाटते, अशी तक्रार दर्दी करत नाहीत. उन्हाळ्यात खरा अडथळा असतो तो कूलरचा. खिडकीतल्या कूलरची घरघर गाण्यातील जितके बारकावे झाकून टाकते, तितके कोणतीही ठीकठाक तार झाकत नाही.

केबलवर छापलेल्या दिशादर्शक बाणाचेही असेच आहे. स्पीकरकडे जाणारा संदेश प्रत्यावर्ती असतो. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट वाहतो. अशा प्रवाहासाठी साध्या तारेला सरळ बाजू आणि उलट बाजू असण्याचे कारण नाही.

कान ऐकतात, मन ठरवते

असे असूनही महाग केबल लावल्यावर आवाज सुधारला, असे सांगणारे अनेकजण असतात. ते खोटे बोलतात असे मानण्याचे कारण नाही. त्यांना सुधारणा खरोखरच जाणवलेली असते. प्रश्न असतो तो ती जाणीव तारेमुळे झाली, की तारेच्या किमतीमुळे, एवढाच.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला वाइनचा प्रयोग या संदर्भात बोलका आहे. तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली गेली. ९० डॉलरची समजून पिणाऱ्यांना ती अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर मेंदूतील सुखद अनुभवाशी संबंधित भागातील हालचालही त्या वेळी अधिक दिसली. किंमत कळल्याने अनुभव खरोखरच बदलतो, असा याचा अर्थ.

म्हणूनच ध्वनितंत्रज्ञ 'आंधळ्या' चाचणीवर भर देतात. कोणती तार जोडली आहे, हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी काटेकोर सारखी ठेवायची, हे तिचे दोन नियम. दुसरा नियम विशेष महत्त्वाचा. किंचित मोठा आवाज कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो आणि बहुतेक तुलना इथेच फसतात. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशा तुलनेच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात स्पीकर केबलची चाचणी छापून आली. त्यात १६ गेजची साधी दिव्याची तार आणि नामांकित कंपनीची जाड केबल यांतील फरक संगीत ऐकताना श्रोत्यांना ओळखता आला नाही. २४ गेजच्या अतिशय बारीक तारेचा फरक मात्र विशिष्ट चाचणी-ध्वनी लावल्यावर ओळखता आला. तारेच्या जाडीचे गणितही नेमके हेच सांगते.

२००७ मध्ये हा वाद आणखी गाजला. अमेरिकेतील एका कंपनीच्या १२ फुटी स्पीकर केबलच्या जोडीची किंमत ७,२५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीन लाख रुपयांहून अधिक होती. ती केबल साध्या केबलपासून केवळ ऐकून ओळखून दाखवावी आणि दहा लाख डॉलर घेऊन जावेत, असे आव्हान जादूगार व बुवाबाजीचे टीकाकार जेम्स रँडी यांनी दिले. ध्वनिसमीक्षक मायकेल फ्रेमर यांनी तयारीही दाखवली. पण केबल कंपनीने माघार घेतली आणि ती चाचणी झालीच नाही.

केबल कुठे महत्त्वाची?

याचा अर्थ सर्वच केबल सारख्या, असा नव्हे. वसंतराव देशपांडे किंवा सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या सभागृहात माइकचा अतिशय क्षीण संदेश लांबवरच्या मिक्सरपर्यंत न्यावा लागतो. वाटेत दिव्यांच्या आणि विजेच्या तारांचा गुणगुणाट त्यात मिसळू शकतो. म्हणून तिथे 'बॅलन्स्ड' केबल वापरतात. तिच्यातील दोन तारा एकच संदेश परस्परविरुद्ध स्वरूपात नेतात. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्हींत सारखाच असतो. पुढच्या टोकाला दोन्हींची वजाबाकी होते, तेव्हा तो आपोआप वगळला जातो. जुन्या रेकॉर्ड वाजवणाऱ्या टर्नटेबलच्या केबलची विद्युतधारिताही तार स्वरांवर परिणाम करते. सैल प्लग, गंजलेले टोक, कच्चे झाळकाम यांनी तर कोणतीही यंत्रणा खरखरते. एचडीएमआयसारख्या डिजिटल केबलने संदेश पोहोचतो, तेव्हा पूर्ण पोहोचतो. केबल कमी पडली, तर चित्र तुटते किंवा आवाज मध्येच जातो. 'थोडे गोड' ऐकू येण्याचा प्रकार तिथे नसतो.

वेगाचे महाग गणित

आता दुसऱ्या शौकिनाची बाजू. मोटारीच्या वेगाचा दावा तपासायला मन लागत नाही, घड्याळ पुरते. फ्रान्समधील बुगाटी कंपनीची व्हेरॉन ही मोटार २००५ मध्ये बाजारात आली. तिचे आठ लिटरचे, १६ सिलिंडरचे इंजिन हजार अश्वशक्तीचे होते आणि ती ताशी ४०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावली. हे मोजलेले सत्य आहे.

इतकी शक्ती लागते ती हवेमुळे. गाडीचा वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. ताशी १०० वरून २०० किलोमीटरवर जाण्यासाठी हवेशी झगडायला आठपट अश्वशक्ती खर्ची पडते. शेवटचे काही किलोमीटर सर्वाधिक महाग पडतात ते यामुळेच.

हे किलोमीटर वापरायचे कुठे, हा खरा प्रश्न. नागपूरकरांच्या दारातला सर्वांत वेगवान रस्ता म्हणजे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटर वेगासाठी असली, तरी मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या वेगाने न थांबता शिर्डी गाठायला चार तास २० मिनिटे लागतात. मर्यादा मोडून सलग १५० ने गाडी हाकली, तर कागदावर ५२ मिनिटे वाचतात.

त्या ५२ मिनिटांची किंमत मोठी आहे. समोर अडथळा दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला आणि ब्रेक व टायर उत्तम असले, तर १२० च्या वेगातील गाडी सुमारे ११३ मीटरमध्ये थांबते. दीडशेच्या वेगातील गाडीला त्यासाठी सुमारे १६६ मीटर लागतात. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबलेली असते, तिथून दुसरी ताशी शंभराच्या आसपासच्या वेगाने पुढे जात असते. ११३ मीटरवर ट्रक उभा असेल, तर एका गाडीतील माणसे बचावतात आणि दुसरीतील बचावण्याची आशा फारशी उरत नाही.

दोन दावे, दोन कसोट्या

वेगवान गाडीचा दावा खरा असतो, पण रस्त्यावर वापरता येत नाही. महाग केबलचा दावा रोज घरी वापरता येतो, पण आंधळ्या चाचणीत टिकत नाही. अर्थात ताकदवान इंजिनाचा काही भाग उपयोगी असतोच. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना कमी वेळ समोरच्या मार्गिकेत राहावे लागते, हा त्याचा लाभ. योग्य जाडीच्या तारेचा लाभही तसाच. दोन्हीकडे एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे पैसा काम करतो, पलीकडे समाधान विकत घेतो. समाधानासाठी खर्च करण्यात गैर काही नाही. ते समाधान आहे, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

उंबरठ्याच्या अलीकडची कामे मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या दिवाणखान्यात आवाज आपटून परत येतो. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचे कपाट यांनी जो फरक पडतो, तो आंधळ्या चाचणीतही ओळखू येतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाहायला तर पैसेही लागत नाहीत. केबल घेण्यापूर्वी मित्राला पडद्यामागे बसवून दहा वेळा तारा अदलून-बदलून पाहाव्यात. कोणती तार जोडायची, हे प्रत्येक वेळी त्याने नाणे उडवून ठरवावे. केवळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. तेवढी बरोबर आली, तर केबल जरूर घ्यावी.

गाडीच्या बाबतीत हीच नजर टायरकडे वळवायला हवी. टायरच्या बाजूला आकारमानाच्या शेवटी असलेले अक्षर त्याची वेगमर्यादा सांगते. 'एस' म्हणजे ताशी १८०, 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१० किलोमीटर. हे आकडे हवेचा दाब आणि गाडीतील भार योग्य असेल, तरच खरे. कमी हवेचा टायर सतत दबतो, तापतो आणि उन्हाने भाजलेल्या काँक्रीटवर फुटण्याचा धोका वाढतो. टायरवरचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर टायर बदलावा लागतो. समृद्धीवर निघण्यापूर्वी गार टायरमधील हवा तपासायला पाच मिनिटे पुरतात. एक लाखाची केबल घ्यावी की गाडीला नवा एक्झॉस्ट बसवावा, या वादाचा निकाल त्यानंतर निवांत लावता येईल.