पत्रासोबत आलेले आणि मागे राहिलेले

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तिच्या आश्रयाने आणि तात्यापारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांतून जी मराठी कुटुंबे नांदत आली, त्यांपैकी कोणी भोसल्यांच्या अमदानीत, तर कोणी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या सरकारी चाकरीत इकडे आले. १९५६ साली प्रांतांची फेररचना होऊन नागपूर दुसऱ्या राज्यात गेले, आणि २००० सालच्या १ नोव्हेंबरला रायपूर स्वतः राजधानी झाले, तोवर या घरांतली तरुण पिढी पुणे, बंगळूर आणि अमेरिका अशी पांगू लागली होती. याच सुमारास त्यांचा पत्रव्यवहार टपालाच्या लिफाफ्यातून निघून ईमेलमध्ये शिरला आणि ‘फोटो आलाच नाही’ या तक्रारीचा प्रारंभ झाला. गेल्या पंचवीस वर्षांतल्या या तक्रारीचा मागोवा घेतला, तर बहुतेक वेळी यंत्र निर्दोष होते असेच दिसते.

मुळात ईमेलची व्यवस्था केवळ रोमन अक्षरांसाठी आखलेली होती. १९८२ च्या नियमांनुसार तिला सात बिटांत मावणारी १२८ चिन्हेच काय ती ठाऊक होती. चित्र, ध्वनी, देवनागरी यांची त्यांत गणतीच नव्हती. नॅथॅनिअल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली ‘माइम’ची, म्हणजे पत्रास चित्रे वगैरे जोडण्याची, योजना सिद्ध केली, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायक चमूचे छायाचित्र पत्रास जोडून रवाना केले. ही तजवीज चित्राचे अक्षरांत रूपांतर करून त्याला जुन्याच वाटेने नेते, त्यामुळे त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. त्या काळच्या २८.८ किलोबिटांच्या मोडेमवर एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरायला सहा मिनिटांहून अधिक लागत, आणि हॉटमेलची पेटी होती दोन मेगाबाइटांची. अर्ध्या मेगाबाइटचे तीन फोटो आले की पेटी भरे व पुढची पत्रे परत जात.

परंतु खरा घोटाळा आकाराचा नव्हता. वरपक्षाकडे पाठवायच्या मुलीच्या माहितीपत्रकाचेच उदाहरण घ्या. वर्डमध्ये मजकूर लिहून झाल्यावर चित्र घालण्याच्या खिडकीत ‘इन्सर्ट’ या बटणाशेजारी एक बारीक बाण असतो. तो उघडून ‘लिंक टू फाइल’ निवडले, तर फाइलमध्ये चित्र जात नाही, ‘सी’ ड्राइव्हवर ते अमुक फोल्डरात आहे एवढाच पत्ता जातो. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर फोटो स्वच्छ दिसतो, कारण तो त्याच्याच संगणकात आहे. नाशिकच्या वरपित्यास मात्र चौकट आणि तीत तांबडी फुली. मग नाशिककराने बिचाऱ्याने संगणक दुरुस्तीस न्यावा, तंत्रज्ञाने विंडोज नव्याने घालून मोबदला घ्यावा, आणि फुली जागच्या जागी राहावी! उपाय इतकाच की पाठवणाऱ्याने त्या फाइलमधील ‘लिंक्स’च्या यादीत जाऊन ‘ब्रेक लिंक’ करावे, म्हणजे चित्राची नक्कल फाइलमध्ये उतरते, आणि पत्र पुनश्च पाठवावे. हा उपाय प्राप्तकर्त्याच्या हाती कधीच नव्हता.

मराठीच्या बाबतीत, पत्ता जाऊन ऐवज मागे राहण्याच्या या रोगाने आणखी एक रूप धारण केले, आणि माझ्या मते आपल्या लोकांचा अधिक वेळ त्यातच खर्ची पडला. पुण्याहून श्रीलिपी या मराठी फॉन्टांच्या प्रणालीत टंकलिखित केलेला लेख रायपुरात उघडावा, तर इंग्रजी अक्षरे आणि मधूनमधून विचित्र खुणा. कारण फाइलमध्ये गेली होती ती केवळ फॉन्टमधील स्थानांची क्रमवारी, अक्षरांची आकृती मागेच राहिली होती. रायपूरच्या टंकलेखकांकडे हिंदी दफ्तरांचा कृतिदेव फॉन्ट हाताशी असे. तो लावला की देवनागरी तर दिसे, पण ती कोणत्याच भाषेची नसे! फॉन्ट फाइलमध्ये सामावून घेण्याची सोय वर्डमध्ये होती, मात्र फॉन्टकर्त्याने तशी मुभा ठेवली असेल तरच. पीडीएफने अक्षरांची आकृती सोबत नेऊन निदान वाचण्यापुरता प्रश्न सोडवला. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी मंगल फॉन्टसह संगणकातच येऊ लागली, तेव्हा कोठे त्याचा मूलतः बंदोबस्त झाला.

‘विनमेल डॉट डॅट’ नावाची न उघडणारी फाइल ही आउटलुकची देणगी. त्यातील ‘रिच टेक्स्ट’ हा प्रकार निवडला की जोडलेले सर्व दस्तऐवज एका गाठोड्यात बांधले जात, आणि ती गाठ अन्य मेल-प्रोग्रामांना सोडवता येत नसे; पाठवणाऱ्याने ‘एचटीएमएल’ किंवा साधा मजकूर निवडावा, की झाले. फाइलला देवनागरीत नाव दिले तर ती कोठे ‘नोनेम’ होऊन, कोठे प्रश्नचिन्हांची माळ घालून येई. अनुभवी माणसे रोमन नाव देत.

पुढे चित्रांच्या दुव्यांवर पहारे बसले. दूरच्या सर्व्हरवरील चित्र उघडले की पत्र वाचल्याची खबर पाठवणाऱ्यास लागे, म्हणून आउटलुक २००३ ने अशी चित्रे आपोआप उतरवण्यास मनाई केली; जीमेलने २०१३ पासून ती स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवण्यास आरंभ केला. ही मनाई उचितच होती, जरी तिच्यामुळे सणाची कितीएक शुभेच्छापत्रे रिकाम्या चौकटींनी साजरी झाली.

आज पंचवीस मेगाबाइटांच्या पलीकडे गेले की जीमेल आपण होऊन फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवते आणि पत्रातून दुवा धाडते, म्हणजे आपण फिरून पत्ता पाठवण्यापाशीच आलो. फरक इतकाच की आता कित्येकदा परवानगीचा अर्ज करावा लागतो. याहू फोटोज हे संकेतस्थळ २००७ साली आणि जिओसिटीज हे २००९ साली बंद झाले, तेव्हा त्यांवरील चित्रांचे दुवे असलेली सर्व पत्रे आंधळी झाली. त्याच वर्षांची, पण चित्र पत्रातच सामावलेली पत्रे आजही उघडतात. तेव्हा वडीलधाऱ्यांचे फोटो, वंशावळी, घराची कागदपत्रे नातेवाइकांकडे धाडताना थोडी लहान करून का होईना, ती पत्रालाच जोडा, आणि पाठवण्यापूर्वी एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर उघडून पाहा.