दातापूर्वी हाताचे शिक्षण

दातावरील दंतवल्क म्हणजे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण थर होय. परंतु दाढेच्या उंचवट्यावरही त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते. त्याखाली दंतिन आणि आत नसा व रक्तवाहिन्यांचा नाजूक गाभा. मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेणारे यंत्र एवढ्या जागेत चालवावयाचे, तेही पुष्कळदा छोट्या आरशातील उलट्या प्रतिबिंबाकडे पाहून! हात घसरला तर गाभा उघडा पडू शकतो. कोरले गेलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. मग विद्यार्थ्याच्या पहिल्या चुकीची झळ कोणी सोसावी? अल्प खर्चात उपचार होतील या आशेने दंत महाविद्यालयात येणाऱ्या खेड्यातील शेतमजुराने?

या प्रश्नाचे एक उत्तर १८९४ मध्ये ओस्वाल्ड फर्गस यांनी दिले. कृत्रिम जबड्यांवर सराव करण्याचे साधन त्यांनी पुढे आणले. त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे आजचे ‘फँटम हेड’: माणसाच्या डोक्याएवढा पुतळा, रबरी गाल आणि बदलता येणारे दात. आपल्याकडील बी.डी.एस. अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रथम मेणातून दाताचे आकार कोरतो, नंतर या पुतळ्यावर काम करतो आणि त्यानंतरच रुग्णाकडे वळतो. कसे बसावे, बोटाला आधार कोठे द्यावा, आरसा कसा धरावा, हे येथेच अंगवळणी पडते.

संगणकाने या सरावाला नवी जोड दिली आहे. नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या ‘सिमोडोंट’सारख्या यंत्रात त्रिमितीय दात दिसतो आणि हातातील उपकरणाला त्याचा प्रतिकार जाणवतो. दंतवल्क कठीण, कीड लागलेला भाग मऊ, असा फरक बोटांना कळतो. किती कोरले, कोठे मर्यादा ओलांडली, याची नोंदही राहते. चूक झाल्यास तोच सराव पुन्हा करता येतो.

तथापि, या यंत्राला लाळ सुटत नाही, त्याची जीभ आड येत नाही आणि ते भीतीने खुर्चीचा हात घट्ट धरीत नाही. शिवाय ते महागही आहे. म्हणून पुतळा, यंत्र आणि शेजारी उभा राहून हात सुधारणारा शिक्षक, या तिघांचीही गरज आहे. रुग्णाने विश्वासाने उघडलेल्या तोंडात जाणारा हात आधी शिकलेला असावा, एवढाच या खटाटोपाचा हेतू आहे.