शपथ मोडते, मग प्रार्थना काय करते?

(व्यसनातून बाहेर : भाग ५)

गेल्या आठवड्यात दारू शरीराचा ताबा कशी घेते ते पाहिलं. आता देवाकडे वळू, कारण डॉक्टरच्या आधी बहुतेक घरं त्याच्याकडेच वळतात.

आपल्याकडे दारू सोडवायचा पहिला उपाय म्हणजे शपथ. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा, नाहीतर ग्रामदैवतासमोर उभं करायचं. शपथ घेणारा त्या घडीला खोटं बोलत नसतो. त्याला खरोखर सोडायची असते. पण शपथेतला 'मी' फार मोठा असतो. मी ठरवलं, मी सोडली, तीही कायमची! नेमकी हीच ठरवण्याची ताकद त्याच्यापाशी उरलेली नसते. श्रावण पाळणाऱ्यांचीही एक गंमत आहे. गटारीला भरपूर ढोसायची, मग श्रावण संपेपर्यंत कोरडं राहायचं, आणि पुढे वर्षभर सांगत सुटायचं, "मनात आणलं तर मी केव्हाही सोडू शकतो."

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना या दाव्याच्या बरोबर उलट टोकाला उभी आहे. तिच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच सांगते की दारूपुढे आमचं काही चाललं नाही. या संघटनेचा जन्म पाहिला तर प्रार्थना काय करते आणि काय करत नाही, हे दोन्ही कळतं.

मे 1935. न्यूयॉर्कचा शेअर व्यवहारातला माणूस बिल विल्सन ओहायोतल्या अॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसलं. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, हॉटेलच्या बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येतोय. त्याच्या आदल्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रुग्णालयात त्याला देवाची प्रचिती आली होती, असं तो सांगे. त्या संध्याकाळी मात्र त्याने नुसता देवाचा धावा केला नाही. त्याने चर्चच्या यादीतले फोन लावायला सुरुवात केली. त्याला गावातला दुसरा एखादा दारुडा हवा होता, बोलायला.

सापडले ते शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ. ते पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बसले. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डॉ. बॉब दोन वर्षांहून अधिक काळ ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळात जात होते. प्रार्थना करत होते, धर्मग्रंथ वाचत होते, आणि पीतही होते. श्रद्धा होती, उपदेश करणारेही होते. स्वतः त्या गाळात रुतलेला आणि तरीही बरोबरीने बोलणारा माणूस तेवढा नव्हता. भेटीनंतरही ते एकदा घसरले. 10 जून 1935 रोजी त्यांनी शेवटची दारू घेतली, तीसुद्धा शस्त्रक्रियेआधी हात थरथरू नयेत म्हणून बिलने दिलेली. तोच दिवस एएचा स्थापनादिन मानतात.

1939 मध्ये बारा पायऱ्या छापून आल्या. सुरुवातीच्या मंडळींत नास्तिकही होते. त्यांनी हट्ट धरला म्हणून 'आम्हाला जसा कळला तसा' ही सवलत देवाला जोडली गेली. माझ्या मते एए टिकली ती या हट्टामुळे. मुंबई-पुण्याच्या मीटिंगमध्ये कुणाचा तो विठ्ठल असतो, कुणाचा येशू, कुणाचा अल्ला. एखाद्याला समोर बसलेला ग्रुपच पुरतो. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आणि कायमचं वचन कुणी मागत नाही. मागणं असतं फक्त आजच्या दिवसाचं.

वारकऱ्यांची माळ हीसुद्धा एक शपथच, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्या शपथेमागे दिंडी असते, एकादशी असते, भजनाचा फड असतो. गळ्यात तुळशीची माळ दिसली की गावात कुणी ग्लास पुढे करत नाही. संध्याकाळी सात वाजता कुठे बसायचं, हा पिणाऱ्याचा सर्वांत अवघड प्रश्न माळ परस्पर सोडवते. गंडा-दोरा ते करू शकत नाही, म्हणून मला त्याचं कौतुक नाही.

हे सगळं भाबडं वाटत असेल तर कॉक्रेन संस्थेचा 2020 चा आढावा पाहावा. त्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण होते. वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेल्यांचं प्रमाण एएकडे वळवणाऱ्या उपचारांत सुमारे 42 टक्के होतं, तर बोधात्मक वर्तनोपचारासारख्या इतर मान्य उपचारांत 35. म्हणजे निम्म्याहून अधिकांना पहिल्याच वर्षी पुन्हा उठावं लागतं. तेव्हा घसरलेल्याची 'भक्ती कमी पडली' असं म्हणणं क्रूर तर आहेच, पण चूकही आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने देवापुढे शपथ घेऊन दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हात थरथरणं, घामाघूम होणं, नसलेलं दिसणं ही लक्षणं अंगात आल्याची नाहीत. तातडीने रुग्णालय गाठण्याची आहेत. तिथे झटके रोखणारी औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हेच दिवस सुरक्षित पार पाडता येतात. घरात असा कुणी असेल तर मुलाच्या डोक्यावर त्याचा हात ठेवू नका. आधी डॉक्टरकडे न्या, आणि अंगात थोडं त्राण आलं की जवळच्या मीटिंगपर्यंत सोबत जा.