छज्ज्याची सावली

कलघटगीचे नाव निघाले की या बाजूच्या कोणालाही प्रथम आठवतात ते येथील रंगीत लाकडी पाळणे. तान्ह्या जिवाच्या निजण्याची इतकी आस्थेने काळजी वाहणाऱ्या या गावात, मोठ्या माणसांच्या राहण्याचा विचार मात्र अलीकडे तितका होत नाही. दुसऱ्यांना कशाला नावे ठेवा? आमच्याच घरचे उदाहरण पुरे आहे. मातीच्या जाड भिंती, पुढे पडवी आणि वर कौले असे आजोबांचे घर होते. वाटण्या झाल्या, जुने घर उतरविले गेले आणि त्या जागी सिमेंटचे नवे घर उभे राहिले. भिंती सरळ, रंग झकास. पण चैत्रात छत तापे आणि आषाढात झडीमुळे खिडक्या लावून बसावे लागे. आई एकदाच म्हणाली, "घर देखणं झालं रे, पण बसायचं कुठं?"

हा दोष सिमेंटचा, असे मी कित्येक दिवस मानीत होतो. तो समज दूर केला मुंबईच्या एका मराठी वास्तुशिल्पज्ञाच्या कामाने. त्यांचे नाव गजानन बाबूराव म्हात्रे. जन्म १९०२, मृत्यू १९७३. ब्रिटनमधील वास्तुशिल्पज्ञांच्या शाही संस्थेचे ते फेलो होते. मोठमोठी मंदिरे वा राजवाडे यांमुळे नव्हे, तर माणसांच्या राहत्या घरांमुळे त्यांचे नाव राहिले आहे.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या गेल्या. दक्षिणेस समुद्र हटवून बॅकबेची जमीन तयार झाली. चाळीतील सामाईक नळाला कंटाळलेल्या मध्यमवर्गाला आपले स्वतंत्र स्वयंपाकघर, आपली न्हाणी आणि आपले दार हवे होते. 'ब्लॉक' हा शब्द आपल्या घरांत रुळला तो याच सुमारास. आपल्याकडून नोकरीनिमित्त मुंबईस गेलेल्या अनेकांचे संसार पुढे अशाच ब्लॉकांत झाले.

लोखंडी सळयांच्या काँक्रीटने या घरांना नवे रूप दिले. इमारतीचा भार खांबांवर गेल्यामुळे भिंती हलक्या झाल्या, खिडक्या रुंद झाल्या, कोपरे मोकळे झाले. पॅरिसमधील १९२५ च्या प्रदर्शनावरून ज्या शैलीला पुढे 'आर्ट डेको' हे नाव पडले, तिच्या गोलाई आणि आडवे पट्टे मुंबईने उचलले. म्हात्रे यांची १९३७ ची 'सूना महल' ही इमारत मरीन ड्राइव्हवर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभी आहे. तिचा कोपरा रस्त्याबरोबर वळतो आणि वर एक छोटासा बुरूज डोकावतो. ओव्हल मैदानासमोरील 'एम्प्रेस कोर्ट' हीही त्यांचीच.

या इमारतींवरील लांब छज्जे दुरून नक्षीसारखे दिसतात, परंतु त्यांचे काम निराळे आहे. माथ्यावरचे ऊन ते भिंतीवर पडू देत नाहीत आणि पावसाची धार खिडकीपासून दूर टाकतात. मुंबईत वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडणारा. त्या दिवसांत छज्ज्यामुळे खिडकी उघडी ठेवता आली तर खोलीत हवा खेळते; समोरासमोर खिडक्या असतील तर वारा आरपार जातो. आपल्या जुन्या घराची पडवी आणि पुढे आलेली कौले हेच काम करीत होती. साहित्य बदलले, तरी ऊन-पावसाचा विचार सुटता कामा नये, एवढेच त्यातले मर्म.

वास्तुशिल्पज्ञ कामू अय्यर यांनी म्हात्रे यांच्या कामावर २००० मध्ये ग्रंथ सिद्ध केला. २०१८ मध्ये ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवरील इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. जेथे लोक आजही राहतात, स्वयंपाक करतात, पोरांना शाळेत धाडतात, अशा घरांना हा मान मिळावा याचे समाधान वाटते. मात्र त्या यादीबाहेरची त्याच काळातील अनेक साधी घरे पाडली जात आहेत, आणि आपल्या गावांतून कौलारू घरे तर रोजच नाहीशी होत आहेत. गेलेले परत बांधता येत नाही. पण नवे बांधताना त्याला विचारता येते.

यंदा मिरगापूर्वी आम्ही खिडक्यांवर छज्जे काढले आणि दारापुढे कौलांची पडवी घातली. गवंड्याने कानडीत विचारले, "छज्जा किती पुढे घेऊ?" मी आईकडे पाहिले. तिने खिडकीखाली पाट मांडला, त्यावर बसली आणि हाताने दाखविले, "येथवर पाऊस यायला नको." तेच माप घेतले. वाचकांपैकी कोणी घर बांधावयास काढणार असतील, तर नकाशा आखण्यापूर्वी घरातील वडील माणसे दुपारी कोठे बसतात, एवढे अवश्य पाहावे.