ऊन आणि सुरय

पुणे जिल्ह्यातील भिगवणजवळ उजनी धरणाचे पाणी दूरवर पसरलेले आहे. तेथे नदी सुरय नावाचा एक डौलदार पक्षी दृष्टीस पडतो. त्याची पाठ राखाडी, पोट पांढरे, चोच पिवळी आणि शेपूट दुभंगलेले असते. विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर काळीभोर टोपी शोभून दिसते. पाण्यावर घिरट्या घालताना मासा दिसला, की तो बाणासारखा खाली झेपावतो. हा क्षण छायाचित्रात पकडणे कौशल्याचे काम होय. आणि चैत्रातील रणरणत्या उन्हात तर ते अधिकच कठीण.

याचे कारण काय? आपली दृष्टी उजेडाशी व सावलीशी चटकन जुळवून घेते. कॅमेऱ्याला ते साधत नाही. सूर्य माथ्यावर असता सुरयाची पाठ व पंख लखलखतात, पण पोट सावलीत जाते आणि काळ्या टोपीत डोळा हरवतो. त्यातच भोवतालचे पाणी गडद असल्यास कॅमेऱ्यातील प्रकाशमापक फसतो व गरजेपेक्षा अधिक प्रकाश आत घेतो. मग उजळ पिसांवरील बारीक रेषा पुसल्या जातात आणि तेथे केवळ कोरा डाग उरतो. असा डाग पुढे कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. सावलीतील तपशील मात्र आजच्या कॅमेऱ्यांच्या चित्रात नंतर बराचसा उजळता येतो. म्हणूनच जाणता छायाचित्रकार प्रकाश थोडा कमी घेऊन आधी शुभ्र पिसे राखतो.

तथापि हेच ऊन एक देणगीही देते. प्रकाश विपुल असल्याने 1/2000 सेकंद इतक्या अल्प अवधीतही चित्र उमटते आणि वेगाने हलणारे पंख स्थिर दिसतात. 1882 साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांची सेकंदाला 12 चित्रे घेतली, तीही अशाच अल्प अवधीच्या बळावर. शिवाय सूर्य पाठीशी ठेवून वाट पाहिली, तर वळण घेताना सुरय क्षणभर कलतो, त्याचे पोट उन्हाकडे वळते आणि सावली सरते. चित्र घेण्याचा क्षण तोच.

वाट पाहण्याचा धीर नसलेले काहीजण पक्षी उडावेत म्हणून त्यांच्या जवळ जातात. सुरय नदीतील वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो आणि आपल्या अंगाची सावली त्यांच्यावर धरतो. तो घाबरून उडाला, की चित्रातील पिसे जाळणारे तेच ऊन अंड्यांतील जीव जाळते. चित्र आज हुकले तर उद्या मिळेल. करपलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच बाहेर येणार नाही.