मोठा पत्ता कोणता?

मुलांनो, पावसाळ्यात आमच्या बांद्याच्या शाळेचं मैदान म्हणजे नुसता चिखल! मग मधल्या सुट्टीत सगळा खेळ व्हरांड्यात येतो. गेल्या पावसाळ्यात तिथे पोकेमॉनच्या कार्डांचा बाजार भरला होता. खेळ अगदी सोपा. दोघांनी एकेक कार्ड टाकायचं, कोपऱ्यातला 'एचपी'चा आकडा बघायचा, ज्याचा मोठा त्याने दोन्ही उचलायची.

एक दिवस चौथीतला एक मुलगा उड्या मारत माझ्याकडे आला. "बाई, ह्या बघा! तीनशे तीस!" चारिझार्ड ईएक्सचं चकचकीत कार्ड होतं. त्यासाठी त्याने आपली सात साधी कार्डं दिली होती. त्याच्याएवढा शहाणा वर्गात कुणी नाही, असंच सगळ्यांचं मत पडलं.

खरं तर मी कार्डं जप्तच करणार होते. पण हातात आलेलं वाचायचं ही जुनी खोड! खालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला लागले आणि गंमत कळली. एचपी म्हणजे कार्ड किती मार सोसेल तो आकडा. मारायची ताकद वेगळी. ह्या कार्डाचा मोठा हल्ला ३३० चा आहे खरा, पण त्यासाठी चार ऊर्जा लागतात, आणि एका पाळीत हातातली एकच ऊर्जा लावता येते. म्हणजे तोवर बसून मार खायचा! हल्ला झाला की त्यातल्या तीन ऊर्जा टाकून द्यायच्या. पाण्याच्या जातीच्या कार्डाचा मार ह्याला दुप्पट लागतो. आणि हे कार्ड पडलं, तर समोरचा एक नाही, दोन बक्षिसाचे पत्ते उचलतो. असे सहा उचलले की डाव जिंकला.

आमच्या लहानपणी कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं होती. वजन, उंची, छाती, सगळ्यात मोठा आकडा जिंकायचा. पण 'रँक' म्हटलं की एक नंबरवाला भारी. नवीन भिडू तिथेच फसायचा.

आणि ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे बरं का! बांद्याहून सावंतवाडी दहा-बारा किलोमीटर. तिथल्या राजवाड्यात गोल गोल पत्ते रंगवतात, ती गंजिफा. चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर रंग आणि लाख, असे ते पत्ते पूर्वी करत. ही कला बुडायला आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस. दिवसा खेळ रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरू करतो, रात्री कृष्णाचा.

राजा मोठा, त्याखाली प्रधान. पुढे पाच अवतारांत दहाचा पत्ता थोर, एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच अवतारांत उलटं! तिथे प्रधानानंतर एक्काच, आणि दहाचा पत्ता तळाला. म्हणजे नुसता आकडा बघून काही कळत नाही. पत्ता कुठल्या अवताराचा ते आधी बघायचं. शिवाय हुकूम-बिकूम नाही. राजा पडून गेला की त्या अवताराचा प्रधान सर्वांत मोठा होतो, तो गेला की त्याच्या खालचा. सकाळी हातात क्षुल्लक वाटलेला पत्ता शेवटी डाव मारून नेतो. कुठला पत्ता पडला, हे ध्यानात ठेवणाऱ्यालाच ते कळतं. मला अजून जमत नाही, सांगायला लाज कसली!

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, आज पोकेमॉन खऱ्या नियमाने खेळू. पुरे साठ पत्ते कुठून आणणार? होती तेवढी कार्डं घेतली आणि ऊर्जेच्या जागी चिंचोके. तीनशे तीसवाला पुढे सरसावला आणि त्याने आपलं कार्ड थाटात मांडलं.

"थांब," मी म्हटलं. "हे असं थेट मांडता येत नाही. आधी चारमँडर मांडायचा. त्यावर चारमिलियन, आणि मग हा. वर लिहिलंय बघ. तुझा चारमँडर कुठाय?"

तो गप्प. चारमँडर आणि चारमिलियन, दोन्ही त्या सात कार्डांत गेले होते. पोर एवढंसं तोंड करून म्हणालं, "बाई, मगे माझां कार्ड फुकट?" त्याच्याकडे बघून मला वाटलं, कशाला वाचायला गेले मी!

मी म्हटलं, फुकट नाही, एकटं आहे. जा, बोलणी कर.

तो गेला. पण तोवर सगळ्या वर्गाने ऐकलं होतं. ज्याच्याकडे चारमँडर आहे, तो आता त्या एका साध्या कार्डाचे पाच मागतोय, आणि वर वीस चिंचोके.