थेरपी चांगली आहे, पण देणार कोण?

ऑटिझम किंवा इतर विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांवर संशोधन करायचं ठरवलं, की प्रपोजलमधला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘कुठली थेरपी सगळ्यात परिणामकारक?’ प्रश्न बरोबर आहे. पण आपल्याकडे त्याच्याही आधी एक प्रश्न येतो: ती देणार कोण? तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत. खेड्यातल्या आईला दर आठवड्याला एसटीने शहर गाठायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग चांगली थेरपीही दोन-तीन फेऱ्यांत सुटते.

हाच प्रश्न धरून गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ‘पास’ नावाची ट्रायल झाली. ती २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आली. जरूर वाचा.

काय केलं?

ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘पॅक्ट’ ही पद्धत इथल्या परिस्थितीनुसार बदलून घेतली. पालक मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मग पालकांबरोबर बसून तो बघायचा. मूल कुठे बघत होतं? त्याला काय सांगायचं होतं? आपण त्याच्या कलाने गेलो, की आपलंच दामटलं? हे काम तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या बिगर-तज्ज्ञ कार्यकर्त्यांनी केलं. सहा महिन्यांत जास्तीत जास्त १२ सत्रं.

कसं तपासलं?

२ ते ९ वर्षांची ६५ मुलं यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटली. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत ही पद्धत, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. आता इथे अडचण बघा: आपण कुठल्या गटात आहोत हे पालकांना कळणारच! म्हणून निष्कर्ष नुसत्या पालकांच्या मतावर सोडला नाही. कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसलेल्या लोकांनी व्हिडिओ बघून गुण दिले.

काय मिळालं?

पालक मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद देऊ लागले. मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. पण दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र कमी झाला. हा उलटा निकालही संशोधकांनी सारांशातच दिला आहे.

माझ्या मते खरा धडा इथेच आहे. ‘सुधारणा झाली’ हे वाक्य अर्धवट असतं. कशात झाली, कोणी मोजली, आणि कशात झाली नाही, हे सांगितलं तरच ते पूर्ण होतं. शिवाय ६५ हे सॅम्पल लहान आहे. बिगर-तज्ज्ञ हे काम करू शकतात, एवढं यातून दिसतं. गावोगावी वर्षानुवर्षं चालेल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि कदाचित तो तुमचा पीएच.डी.चा विषय असेल.

तर आज आपलं प्रपोजल उघडा आणि तीन ओळी लिहा: उपचार कोण देणार, फरक कोण मोजणार, आणि घरच्यांचा किती वेळ व पैसा जाणार. तिसरी ओळ रिकामी राहिली, तर आधी चार पालकांशी बोलून या. साहित्याचा आढावा दोन दिवस थांबला तरी चालेल.